ब्रेकनंतरचा चेहरा

आमच्या चॅनेलमध्ये काही चोरीला गेलं तर आधी चोर ठरतो, मग काय गेलं ते शोधतात. त्यामुळे ब्रिहिदा सोतेलोचा चेहरा पडद्यावर पुन्हा दिसायला लागला, तेव्हा फेर्मिन वायताचं नाव दुपारच्या जेवणाआधीच नक्की झालं होतं. भात आणि बीन्स पुढ्यात येईपर्यंत त्याला काढायचं की पोलिसांत द्यायचं, एवढाच वाद उरला होता.

ब्रिहिदा आमच्या संध्याकाळच्या मालिकेची नायिका. आल्ताग्रासिया हे तिच्या पात्राचं नाव. निर्माते रोमुलो उगारिसा यांच्याशी तिचं वाजलं. कशावरून वाजलं हे चॅनेलमध्ये प्रत्येकाला ठाऊक होतं आणि प्रत्येकाचं कारण वेगळं होतं. ती निघून गेली. मालिका तर चालू ठेवायची होती, म्हणून लेखकांनी आल्ताग्रासियाचं घर पेटवलं, आठवडाभर तिच्या तोंडाला पट्ट्या बांधल्या, आणि पट्ट्या सुटल्या तेव्हा आतून दाफ्ने निघाली. दाफ्ने तरुण होती, गोरी होती आणि उगारिसांच्या शब्दाबाहेर नव्हती. लिमाच्या बायकांनी दोन दिवस नाकं मुरडली, मग पुन्हा पदर डोळ्याला लावावा तशा हातरुमाल काढून बसल्या.

जाताना ब्रिहिदाने मात्र वकिलाकडून लिहून घेतलं होतं. मी गेल्यावर माझा चेहरा या मालिकेत दिसता कामा नये, दिसला तर कोर्टात भेटू.

आणि ऑक्टोबरात तो दिसू लागला. जाहिराती संपायच्या, मालिका परत सुरू व्हायची, आणि दाफ्ने येण्याआधी, पापणी लवते न लवते तोच, ब्रिहिदा. बघणाऱ्याला वाटावं, भास झाला. पण सबंध शहराला एकाच क्षणी भास होत नाही. चॅनेलचे फोन खणखणू लागले. चौकातल्या रंगीत पेपरांनी ‘आल्ताग्रासियाचं भूत!’ म्हणून आठ आठ बोटं उंचीची अक्षरं छापली.

‘भूत!’ उगारिसा ओरडले. ‘भुताला हात नसतात. हे हात असलेल्याचं काम आहे. तिला माझ्यावर खटला भरायचाय आणि तिला हवा तो चेहरा माझ्याच घरातून कुणीतरी पुरवतोय.’

हात कुणाचे, हे सांगायला ज्योतिषी नको होता. मालिका कॉम्प्युटरवर जोडली जायची, पण प्रसारण व्हायचं टेपवरून. कॉम्प्युटरमधला तयार भाग टेपवर उतरवायचं काम फेर्मिनचं. टेपखोलीत दिवसभर तोच. त्यात ब्रिहिदा त्याच्या मुलीची धर्ममाता. बाप्तिस्म्याला तिनेच पोरीला हातांवर धरलं होतं, तेव्हापासून ती त्याची कोमाद्रे आणि तो तिचा कोंपाद्रे. आमच्याकडे सख्खा भाऊ एक वेळ दगा देईल, कोंपाद्रे देत नाही. इतर ठिकाणी ही माणसाची थोरवी मानतात. त्या महिन्यात आमच्याकडे तो पुरावा झाला.

माझी ध्वनीची खोली टेपखोलीला लागून, मध्ये काच. त्यामुळे मेकअपवाली सोइला रोज कॉफी घेऊन माझ्याकडे येऊ लागली. कॉफी निमित्ताला, डोळे काचेवर.

‘ए लुकड्या, आजही गेला का रे फोनवर?’

‘गेला.’

‘ब्रेकनंतर लगेच?’

‘लगेच.’

हे मात्र खरं होतं. ब्रेकनंतर मालिका सुरू झाली की फेर्मिन उठायचा, बाहेरच्या पॅसेजमधल्या फोनवर जायचा, तोंडाशी हात धरून दोन वाक्यं बोलायचा आणि परत यायचा. परतताना त्याचा चेहरा उजळलेला असायचा.

‘आणि पिशवी?’ सोइला म्हणाली. ‘महिना झाला, ती काळी पिशवी खांद्यावरून उतरत नाही. मी नुसतं म्हटलं, काय घेऊन चाललात हो, तर छातीशी धरली. जसं काही मी तिच्यात हात घालणार होते.’

‘घालणार होतीस की.’

‘तो भाग वेगळा. बघ, आग असल्याशिवाय धूर निघत नाही.’

पटलं मलाही. फेर्मिनबरोबर मी कित्येक वर्षं शेजारी बसून काम केलं होतं. त्याला कधी आवाज चढवताना ऐकलं नव्हतं, कधी कुणाची निंदा करताना ऐकलं नव्हतं, आणि त्या ऑक्टोबरात मला हेच संशयास्पद वाटू लागलं. इतका शांत माणूस आत काहीतरी शिजवत असणारच, असं मन म्हणायचं. एकदा संशय शिरला की माणसाचं पाणी पिणंसुद्धा वेगळं दिसतं.

एक गोष्ट मात्र आम्ही सगळेच सोयीने विसरलो होतो. ऑक्टोबरपासून नव्या टेपा आणायच्या नाहीत, असा हुकूम उगारिसांचाच होता. ब्रिहिदाचे जुने भाग आता पुन्हा दाखवता येणार नव्हते, तेव्हा त्याच टेपांवर नवे भाग उतरवायचे. म्हणजे रोज एक टेप घ्यायची, जिच्यावर ब्रिहिदा हसते, रडते, लग्नाला उभी राहते, आणि तिच्यावर दाफ्नेला बसवायचं. हे पुसण्याचं काम रोज तिच्या कोंपाद्रेला करावं लागत होतं. त्याला ते कसं वाटत असेल, असं आमच्यापैकी एकानेही त्याला विचारलं नाही.

शेवटी उगारिसांनी मोर्रो सोलारच्या टेकडीवरच्या प्रक्षेपण केंद्रातून इंजिनिअर बोलावली. नेलिदा कार्कामो तिचं नाव. बाई बुटकी, केस आखूड, बोलणं त्याहून आखूड. टेकडीवर वाऱ्यात आणि यंत्रांत राहून माणसांची सवय मोडलेली असावी.

‘इंजिनिअर बाई,’ उगारिसा म्हणाले, ‘मला एकच सांगा. यंत्र की माणूस? यंत्र असेल तर दुरुस्त करा. माणूस असेल तर तो उद्या या दारातून आत येणार नाही.’

‘बघते.’

‘आणि तुम्ही बघत असताना वायता आत नको. तो मागे उभा राहून काय करेल, सांगता येत नाही.’

फेर्मिनला पॅसेजमध्ये बाकावर बसवलं. पिशवी मांडीवर घेऊन तो बसला. जाणारा येणारा त्याच्याकडे बघून पुढे जात होता. मी काचेतून बघत होतो.

नेलिदाने आधी त्या महिन्यात दाखवलेले भाग लावून तो चेहरा पाहिला. यंत्राच्या चाकावर बोट ठेवून ती एकेक फ्रेम पुढे सरकवत होती. सेकंदाला तीस फ्रेम, त्यातल्या दोनच फ्रेम ब्रिहिदा. दुसरा भाग लावला, तिथेही दोनच. तिसऱ्यातही दोनच.

‘दरवेळी दोनच,’ ती म्हणाली.

‘हिशेबी माणूस आहे,’ उगारिसा म्हणाले.

‘आणि फोटो वाईट आहेत. इथे डोळे मिटलेत. इथे अर्धं तोंड कपाआड. इथे तर नुसता दरवाजा आणि हिचा खांदा. मला कुणाला छळायचं असतं तर मी चांगला चेहरा निवडला असता.’

‘तुम्ही मालिका बनवत नाही म्हणून असं म्हणता. भाग ज्या यंत्रावर उतरतो ते तपासा फक्त.’

‘कुठल्या?’

टेपखोलीत रेकॉर्डिंगची दोन यंत्रं होती, एकावर एक, एकाच कंपनीची, हुबेहूब. त्यांना आकडे होते, पण ते कुणी वापरत नसे. फेर्मिनने फार पूर्वी दोन्हींवर संतांची चित्रं चिकटवली होती. वरच्यावर सारिता, गरिबांची आणि बेकारांची संत. खालच्यावर झाडूवाला सान मार्तिन. तेव्हापासून सगळ्या इमारतीत तीच नावं रूढ झाली. सारिता तापली, सान मार्तिन टेप खातोय, असं आम्ही बोलायचो.

‘सारितावर,’ उगारिसा रुबाबात म्हणाले. या गृहस्थाने आयुष्यात यंत्राचं एक बटण दाबलं नव्हतं, पण नावं पाठ होती. ‘सगळं सारितावर उतरतं.’

नेलिदाने सारिताचं चित्र शोधलं, त्या यंत्रात टेप घातली आणि कामाला लागली.

तिची रीत साधी होती. कॉम्प्युटरमध्ये तिने एक छोटी फिल्म बनवली, तिच्यात चित्र नाहीच, प्रत्येक फ्रेमवर फक्त मोठा आकडा. एक, दोन, तीन, असे चढते. टेपवर वेळेचा आकडा असतोच. त्यातली एक खूण ठरवायची आणि कॉम्प्युटरला सांगायचं, बरोबर या खुणेपासून उतरव. मग टेप मागे घेऊन खुणेवर थांबवायची. तिथे एकचा आकडा दिसला तर यंत्र हुकमाचं ताबेदार. दुसरं काही दिसलं तर हुकूम आणि हात यांच्यात अंतर आहे, तेवढं अंतर कॉम्प्युटरला आगाऊ शिकवायचं. मग तीच टेप उलट, यंत्रातून कॉम्प्युटरमध्ये घ्यायची आणि आकडे जुळतात का ते पुन्हा पाहायचं.

तिने चाक फिरवलं. पडद्यावर एक आला. ठळक, स्वच्छ, खुणेवर. टेप कॉम्प्युटरमध्ये घेतली, तिथेही एकच. पुन्हा केलं, पुन्हा एक.

‘यंत्र निर्दोष आहे,’ ती म्हणाली. तिला ते म्हणताना आनंद झालेला दिसला नाही.

‘झालं तर मग!’ उगारिसांनी दार उघडलं. ‘वायता!’

फेर्मिन उठून आत आला. सोइला त्याच्या मागोमाग पॅसेजमध्ये आली, तिच्या मागे आणखी चार जण. फुकटचा तमाशा कोण सोडतो? मीही कानावरचा हेडफोन काढून दारात गेलोच.

‘कधीपासून चाललंय हे?’ उगारिसांनी विचारलं.

‘काय, सेन्योर?’

‘माझ्या ताटात जेवून माझ्याच ताटात थुंकणं. कोमाद्रेला काय शब्द दिलायस? खटला जिंकली की तुला काय?’

‘मी काही केलेलं नाही. टेप जशी सांगितली तशी उतरवतो. या खोलीत मी एक तप काढलं, सेन्योर. माझ्या हातून एक भाग उशिरा गेला असेल तर सांगा.’

‘यंत्र निर्दोष आहे. बाईंनी तपासलं. या खोलीत यंत्र आणि तू, तिसरं कोण? ब्रेकनंतर रोज फोन कुणाला करतोस?’

फेर्मिन गप्प झाला. खोटं बोलणारा माणूस काहीतरी बोलतो, पण हे मला आज सुचतंय. तेव्हा त्याची ती चुप्पी बघून मी मनात म्हटलं, संपला बिचारा.

‘पिशवी उघड,’ उगारिसा म्हणाले.

‘सेन्योर, हे माझं खाजगी…’

‘उघड, नाहीतर पहारेकऱ्याला बोलावतो.’

फेर्मिनने पिशवी टेबलावर ठेवली. मग चेन ओढली. सोइलाने मान लांब केली. आतून टेपा निघतील अशी आम्हा सगळ्यांची खात्री होती.

आधी निघाला जांभळा झगा, नीट घडी घातलेला, पांढऱ्या दोरीसकट. मग एका कागदात मधात मुरलेल्या मिठाईचा तुकडा, मुलीसाठी. मग ऑक्टोबरभर लिमात ज्याची मिरवणूक निघते त्या जांभळ्या ख्रिस्ताच्या छोट्या तसबिरींचा एक गठ्ठा, मिरवणुकीत वाटायचा असतो तसला. फेर्मिन त्या वर्षी पहिल्यांदाच प्रभूची पालखी उचलणाऱ्यांत घेतला गेला होता. काम सुटलं की तो थेट तिकडे जायचा. बढाई होईल म्हणून कुणाला सांगितलं नव्हतं आणि झग्याला कुणाचा हात लागू नये म्हणून पिशवी छातीशी धरायचा.

खोलीत कुणी कुणाकडे बघेना. सोइलाने क्रूसाची खूण केली आणि माझ्या पाठीमागे सरकली. उगारिसासुद्धा जरा वरमले. ऑक्टोबरच्या लिमात जांभळ्या झग्यावर आवाज चढवायचा, म्हणजे त्यांच्या आईनेही त्यांना घरात घेतलं नसतं.

नेलिदा मात्र त्या तसबिरींकडे बघत होती. मग तिने मान वळवून यंत्रांकडे पाहिलं. वरच्या यंत्रावर तोच जांभळा ख्रिस्त होता.

‘माएस्त्रो,’ तिने फेर्मिनला विचारलं, ‘हे प्रभू इथे केव्हा आले?’

‘महिना लागला तेव्हा. त्यांचा महिना आहे ना.’

‘आणि आधी वर कोण होतं?’

‘सारिता. पण प्रभूंना खाली बसवायचं कसं? म्हणून सारिताला खालच्या यंत्रावर आणलं. सान मार्तिन कपाटावर गेला, त्याचं काही म्हणणं नसतं.’

‘आणि मालिका कुठल्या यंत्रावर उतरवता?’

‘वरच्या. नेहमीच वरच्या.’

‘सगळे तर सारिता म्हणतात.’

‘सवय हो. तोंडाला सवय. मीही म्हणतो.’

काखेत कळसा आणि गावाला वळसा, दुसरं काय! मी रोज त्या काचेतून बघत होतो, जांभळा ख्रिस्त महिनाभर डोळ्यांसमोर होता, आणि तरी त्या यंत्राला सारिताच म्हणत होतो. एवढ्या साध्या प्रश्नाचं उत्तर ज्याला देता आलं असतं, त्याला आम्ही बाहेर बाकावर बसवून ठेवलं होतं.

नेलिदाने टेप काढली. ब्रिहिदाच्या जुन्या भागांपैकी एक टेप मागून घेतली, वरच्या यंत्रात घातली आणि आकड्यांची फिल्म पुन्हा उतरवली. टेप मागे घेऊन खुणेवर थांबवली.

एकच्या जागी ब्रिहिदा होती. कप ओठांशी, नजर खाली. नेलिदाने चाक एक घर पुढे सरकवलं. ब्रिहिदाच, कप जरासा वर. आणखी एक घर. तीन.

‘यंत्राला सांगितलं, आता उतरव, तर ते दोन फ्रेमांनी उशिरा जागं होतंय,’ नेलिदा म्हणाली. ‘तेवढ्यात जुनं जे असेल ते तसंच राहतं. ब्रेकनंतर प्रसारण नेमकं खुणेवरून सुरू होतं, म्हणून सगळ्यात आधी तेच दिसतं. माणसाचा यात काही हात नाही. कोऱ्या टेपा वापरल्या असत्या तर कुणाला कळलंही नसतं.’

हे शेवटचं वाक्य ती उगारिसांकडे न बघता बोलली. उगारिसांनी घसा खाकरला. ‘बरं. मग ते अंतर दुरुस्त करा. आजपासून मला तिचा एक केससुद्धा दिसायला नको.’ फेर्मिनकडे वळून म्हणाले, ‘आवर ते सगळं. आजचा भाग उतरवायचाय.’ माफी वगैरे शब्द त्यांच्या गळ्यातून कधी निघाल्याचं मला आठवत नाही. मंडळी पांगली. जाताना सोइला मला म्हणाली, ‘मी आधीच म्हणत होते, तो देवमाणूस आहे.’

मी मात्र दारातच राहिलो. नेलिदा कॉम्प्युटरमध्ये ते दोन फ्रेमांचं अंतर भरत होती आणि फेर्मिन झग्याची घडी घालत होता. नोकरी वाचली होती, नाव वाचलं होतं. त्याला हायसं वाटायला हवं होतं. पण त्याची घडी काही जमेना.

‘इंजिनिअर बाई,’ तो म्हणाला, ‘म्हणजे कुणीच नव्हतं?’

‘कुणीच नव्हतं, माएस्त्रो. यंत्र.’

‘नक्की?’

‘आकडे बघितलेत ना तुम्ही.’

तो खुर्चीत बसला. ‘मला वाटलं होतं, कुणीतरी आहे. आपल्यातलंच. कोमाद्रेला मी म्हटलं होतं, आत तुमचं कुणीतरी आहे, घाबरत घाबरत का होईना, रोज तुम्हाला दाखवतंय. ती बाहेर पडल्यापासून घरात पडदे ओढून बसायची हो. आता रोज ब्रेकला टीव्हीपुढे येऊन बसते. मग मी फोन करून विचारतो, दिसलं का? खटल्याचं तिच्या मनातही नाही. म्हणते, ज्याने कुणी हे केलं त्याची भाकर मी कशाला घालवू?’ मग त्याने माझ्याकडे पाहिलं. ‘मला वाटायचं, लुकड्या, तू असशील.’

मला कुठे तोंड लपवू असं झालं. सगळं चॅनेल त्याच्यावर संशय घेत होतं, मीही घेत होतो, आणि तो बिचारा माझ्यावर असा संशय घेत होता. तेवढा चांगला संशय माझ्यावर आजवर कुणी घेतलेला नाही, आणि तोही खोटा निघाला.

नेलिदाचं बोट की-बोर्डवर थांबलं होतं. क्षणभर मला वाटलं, ती ते अंतर तसंच राहू देईल. पण ती इंजिनिअर होती आणि अहवालाखाली तिची सही होणार होती. तिने कळ दाबली. पुन्हा फिल्म उतरवली, पुन्हा खुणेवर थांबवली. आकडा एक. ब्रिहिदा नाही, कप नाही. तिने आपल्या पिशवीत हत्यारं भरली, फेर्मिनच्या खांद्यावर हात ठेवला आणि टेकडीवर परत गेली.

संध्याकाळी जाहिराती संपल्या. मी काचेतून पाहत होतो, फेर्मिन पडद्याकडे पाहत होता. दाफ्ने आली. आधी कुणी नाही. या खेपेला फेर्मिन उठला नाही. पॅसेजमधला फोन आपणच वाजू लागला, बराच वेळ वाजत राहिला, तेव्हा कुठे तो गेला. मी माझं दार किलकिलं केलं.

‘हो, कोमाद्रे… नाही, तुमची नजर नाही चुकली. आज आलंच नाही.’

मग तो बराच वेळ ऐकत राहिला.

‘सापडला तो,’ फेर्मिन म्हणाला. ‘दुपारी. काढून टाकलं त्याला… नाही, नाव नाही कळू दिलं कुणाला. नव्हे, रडला वगैरे नाही. सगळ्यांसमोर उभा राहिला आणि म्हणाला, हो, मीच करत होतो, आणि निघून गेला.’

त्याने फोन ठेवला, पिशवी खांद्याला लावली आणि मिरवणुकीला निघाला. माझ्या दाराशी आला तेव्हा मी मान खाली घालून उगाच एक बटण फिरवत बसलो.